गालावर वाढा

परवा रात्री जेवायला बसलो तर पानाच्या डाव्या बाजूला नुसतं मीठ. ना कोशिंबीर, ना लिंबाची फोड. चौकशी केली तेव्हा कळलं, की काकडी लेकीच्या डोळ्यांवर आहे, दही बायकोच्या कपाळावर, आणि लिंबू दोघींनी अर्धं-अर्धं वाटून घेतलंय. टोमॅटो अर्धा शिल्लक होता, पण साखर भुरभुरवून तो गालांवरून फिरवून झाला होता. "धुऊन देऊ का, बाबा?" लेकीने विचारलं. पोरगी मनाची मोठी.

भाच्याचं लग्न महिन्यावर आलंय. तेव्हापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक होतात, एक पोटाचा आणि एक तोंडाचा. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात सकाळी खोबरं-मिरची फिरते, दुपारी बटाटा आणि मध. भांडं नीट विसळलं गेलं नाही, तर दुपारच्या फेसपॅकने जो ग्लो येतो तो जिन्यातूनही दिसतो. (ज्याचं लग्न आहे तो भाचा अंगाच्या साबणानेच डोकं धुतो. त्याच्या चेहऱ्याची कुणालाच चिंता नाही.)

हे सगळं ज्ञान फोनवरून येतं आणि दर वेळी त्याच्यावर शिक्का असतो, ‘आजीच्या बटव्यातून’. आता आमच्या घरात एक आजी हजर आहे, म्हणजे माझी आई. वय 84, शिवाय बटवाही आहे, त्यात कवळी आणि देवळाच्या चपला-स्टँडची जुनी पावती. कॉफी, ओट्स आणि कोरफडीचा पॅक तिला दाखवला, तर ती म्हणाली, "कॉफी आम्ही पाहुण्यांना द्यायचो." उटणं तिला माहीत होतं. नरकचतुर्दशीला पहाटे आधी अंगभर तेल, त्यावर उटणं, आणि लगेच दोन्ही खसाखसा चोळून काढायचं. मुळात उटणं तेल निघावं म्हणूनच असायचं. "वीस मिनिटं वाळवत बसले असते तर मागच्या भावंडांनी बंबातलं सगळं पाणी संपवलं असतं," असं म्हणून तिने विषय मिटवला.

तसं पाहिलं तर हा रोग जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये ओव्हिड नावाच्या कवीने चेहऱ्याच्या लेपांवर चक्क काव्य केलं. त्यातल्या एका कृतीत जव, दहा अंडी, नार्सिससचे बारा कंद आणि मध आहे. काव्याच्या शंभरेक ओळीच आज उरल्यात. बाकीच्या बहुधा रोमनांनी तोंडाला लावल्या.

अडचण एवढीच, की चेहऱ्याला जेवता येत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची भिंत. जाडी जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, पण कामाला आमच्या सोसायटीच्या वॉचमनपेक्षा चोख. साधारण 500 डाल्टनहून (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू आला की तो आत सोडत नाही, आणि डाळीच्या पिठातली प्रथिनं त्याच्या कितीतरी पट अगडबंब. काकडीत तर 95 टक्के पाणीच, म्हणजे डोळ्यांना पाणी लावायचा हा साठ रुपये किलोचा मार्ग. खोटं कशाला बोला, दह्यातलं लॅक्टिक आम्ल आकाराने लहान असल्याने वॉचमनची नजर चुकवतं आणि मेलेल्या पेशी थोड्या सैल करतं. मधाने त्वचा ओलसर राहते. पण असं सांगितलं की कुणी मेसेज पुढे पाठवत नाही.

कच्च्या पपईची गोष्ट वेगळी. तिच्यात पपेन असतं, ते प्रथिनं तोडतं. म्हणून तर मटण लवकर शिजावं यासाठी तिचा गर चोळून ठेवतात. पपईने चेहरा मऊ होतो हे मला एकदम मान्य आहे. मटणही होतं.

आणि लिंबू! गोरं व्हायचं असं हल्ली कुणी म्हणत नाही, ते बरं दिसत नाही. आता ‘टॅन काढायचं’ असतं, ‘उजळायचं’ असतं. लिंबू तेच. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनाच्या. सामूची एक पायरी म्हणजे दहापट, तेव्हा तीन पायऱ्यांत हजारपट आंबट हल्ला. तो रस तसाच ठेवून उन्हात गेलं, तर सालीतली द्रव्यं आणि ऊन मिळून कातडी भाजू शकते, आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन् महिने हलत नाहीत. उजळायला निघालेल्या माणसाचा एवढा कडक पाहुणचार दुसरं कुठलं फळ करत नसेल.

शेवटी माझाही नंबर लागला. "मामा आहेस तू नवऱ्या मुलाचा," असं म्हणत बायकोने हळद, डाळीचं पीठ आणि दूध थापलं. वर ताकीद, की बोलायचं नाही, हसायचं नाही, भेगा पडतात. वीस मिनिटं मी भिंतीकडे बघत बसलो. "इतकी शांतता एरवी कधी मिळते?" असं ती लेकीला म्हणाली, आणि मला उत्तर देता येईना. या हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेने 1995 साली मिसिसिपीच्या एका विद्यापीठाला दिलं होतं. शास्त्रज्ञ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने ते लढून 1997 मध्ये रद्द करवलं. त्या विजयाचे चटके मला गालावर जाणवत होते. वेळ संपल्यावर साबण लावून तोंड धुतलं, नव्या पांढऱ्या टॉवेलने पुसलं आणि बाहेर आलो. आईने टॉवेल पाहिला आणि ती किंचाळली, "अरे, रक्त!"

रक्त नव्हतं. हळदीला साबण लागला की ती लाल होते. पोराच्या शर्टावरचा आमटीचा डाग काढणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे, आणि हळदीचं कुंकू करणाऱ्यांना तर त्याच्याही आधीपासून. ठाऊक नव्हतं ते मला आणि टॉवेलला. टॉवेल आहेराचा होता.

आई या सगळ्यात गप्प असते, प्रकरण सायीच्या पातेल्यापर्यंत गेलं तरीही. ती रोजची साय जमवते, शनिवारी विरजण लावते, रविवारी लोणी काढून तूप कढवते. गेल्या रविवारी पातेलं अर्धंच निघालं. दोघींचे चेहरे तुकतुकीत होते, त्यामुळे तपास करावा लागला नाही. आई काही बोलली नाही. जेवढं लोणी निघालं तेवढं कढवलं, तूप गाळलं, तळाची बेरी साखर घालून वाटीत काढली. हाताला तूप लागलं होतं ते तिने सवयीने कोपरांना आणि उरलेलं गालाला पुसलं.

लेक दारातच उभी होती. "आजी! तू बेरी लावतेस चेहऱ्याला?"

"नाही गं. हात पुसायचं फडकं सापडेना."

पण फोन तोवर वर झाला होता. ‘84 वर्षांच्या आजीच्या बटव्यातून’ असं त्यावर लिहून झालंही.

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या काकू रिकामी वाटी घेऊन आल्या. बेरी आहे का थोडी, म्हणाल्या.