पुढच्या डायव्हरले माहीत पाहिजे

अण्णांकडे काही विकत घ्यायला जायचं असेल तर दुपारपर्यंतचं दुसरं काम ठेवू नये. वस्तू चांगली मिळते, भाव रास्त असतो, चहाही होतो. फक्त वस्तू हातात पडण्याआधी तिचे सगळे दोष ऐकून घ्यावे लागतात, आणि अण्णांना मधे थांबवलेलं चालत नाही.

मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर. पहाटे तलावावर फिरायला निघालेले जळगावकर त्यांच्या फाटकावरूनच पुढे जातात. त्या फाटकाच्या आत बरेच दिवस एक पांढरी, पेट्रोलवरची, २०११ सालची छोटी गाडी उभी होती. मागच्या काचेवर ‘विकणे आहे’ असा कागद. अशा कागदावर लोक खाली मोबाइल नंबर लिहितात. अण्णांनी नंबराच्या खाली आणखी एक ओळ लिहिली होती: ‘दोष आत येऊन विचारावेत.’

फिरायला येणारे थांबून ती ओळ वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. आत कोणी येत नसे.

अण्णांची सगळी नोकरी भुसावळला, रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये गेली. जळगाव-भुसावळ अप-डाउन. शेडमधली एक रीत त्यांच्या हाडात मुरलेली आहे. इंजिन घेऊन येणारा ड्रायव्हर वाटेत जाणवलेल्या तक्रारी लॉग बुकात लिहितो, आणि पुढे तेच इंजिन घेऊन जाणारा त्या आधी वाचतो. आल्या ड्रायव्हरनं आळस केला, तर न लिहिलेला बिघाड पुढच्या माणसाच्या ड्यूटीत उगवतो. तोही रात्री, दोन स्टेशनांच्या मधे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अण्णांच्या लेखी जगात दोनच जातींची माणसं आहेत: लिहून ठेवणारी आणि न लिहिता खाली उतरणारी. कुठलाही विषय निघो, त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: “पुढच्या डायव्हरले माहीत पाहिजे ना भो!”

तर या गाडीचीही एक वही होती. दोनशे पानी, वर प्लॅस्टिकचं कव्हर. गाडी दाखवण्याआधी अण्णा ती उघडत, चष्मा पुसत आणि सुरू होत.

“एक. डाव्या आरशावर ओरखडा. दूधवाल्याची मोटारसायकल. दोन. वायपर उजवीकडे जाताना ओरडतो, डावीकडे येताना ओरडत नाही. तीन. जोरात ब्रेक मारला की गाडी जराशी उजवीकडे ओढते. मिस्तरी म्हनतो ओढत नाही, मी म्हनतो ओढते. चार. मागच्या सीटखाली वास येतो. एरंडोलच्या लग्नातून येताना शेवभाजीचं पातेलं लवंडलं व्हतं. पाच. कन्नडच्या घाटात काटा लाल रेघेले टेकतो. चाळीसगावहून चढत असाल तर एसी बंद ठेवा. सहा…”

अशी अठरा कलमं होती. किलोमीटरच्या आकड्याखाली तळटीप होती: ‘मीटर बंद होते तेव्हाचे अंदाजे ९०० किलोमीटर यात मिळवावेत.’ जुन्या गाड्यांच्या धंद्यात मीटर मागे फिरवणारे पुष्कळ. हातानं पुढे फिरवणारा हा एकच.

या सत्यकथनातली मोठी अडचण अशी की अण्णा सगळे दोष एकाच सुरात वाचत. वायपरचं ओरडणं, ब्रेकचं ओढणं आणि शेवभाजीचा वास यांना एकच पट्टी, एकच ठेका. त्यामुळे गिऱ्हाईक चौथ्या कलमाला नाक मुरडायचं आणि तिसरं कलम त्याच्या कानावरून निघून जायचं. सगळं सांगितलं की जे सांगायला हवं ते त्यात हरवतं, हे काही अण्णांच्या गावी नव्हतं. मी एकदा सुचवून पाहिलं, की महत्त्वाचे दोष आधी घ्या. अण्णा म्हणाले, “महत्त्वाचं काय ते मी कोन ठरवनार? आपलं काम लिहायचं.”

बाजाराची भाषा याच्या नेमकी उलट. ‘सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, शोरूम मेंटेन, टाकी भरा आणि निघा.’ जळगावात डॉक्टर पुष्कळ आहेत हे खरं, पण विकायला निघालेल्या गाड्या मोजल्या तर प्रत्येक डॉक्टरकडे निदान डझनभर तरी असाव्यात. ‘इंजिन खोललेलं नाही’ हे वाक्य तर बहुधा शब्दशः खरं असतं. खोलायला हवं होतं, एवढंच त्यात नसतं. एजंट मंडळी खोटं बोलतातच असं नाही. गिऱ्हाईक बॉनेटकडे वळलं की ते सीटकव्हरचं कौतुक सुरू करतात.

अशा बाजारातून आलेल्या माणसाला अण्णा झेपत नसत. नशिराबादचे एक गृहस्थ बयाण्याचे पैसे खिशात घालूनच आले होते. त्यांनी अठराच्या अठरा कलमं शांतपणे ऐकली, गाडीला एक फेरी मारली आणि जाताना मला फाटकाबाहेर बाजूला घेऊन हळूच विचारलं, “इतकं सांगून राह्यले, म्हंजे याच्याहून मोठं काही दाबलं असंल, नाही?” गाडी पुन्हा जागेवरच राहिली.

काकूंना हे नवं नाही. घरातला जुना कूलर विकायला काढला, तेव्हा मे महिना होता. पारा पंचेचाळीसला, दारात घामाघूम गिऱ्हाईक पैसे मोजतंय, आणि हे सांगताहेत की पंप कधीकधी शॉक देतो आणि वाळा दोन वर्षं बदललेला नाही. थोरल्याच्या लग्नाच्या वेळी तर काकूंनी बैठकीआधी दोन्ही हात जोडले होते. पाहुणे फैजपूरचे. पोहे झाले, चहा झाला, आणि अण्णांनी घसा खाकरला. “आधीच सांगतो, मंग म्हनू नका. पोरगा घोरतो. राग आला की जेवत नाही. बारावीले एकदा बसला, दुसऱ्यांदा सुटला.” थोरला तिथंच बसलेला. काकूंनी डोळे मिटले. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बरं झालं, तुम्हीच सुरू केलं. आता आमच्या पोरीचं सांगतो.” लग्न ठरलं. सून आजही म्हणते, “मी गॅरंटी कार्ड वाचून आले आहे. माझी कुठली तक्रार चालत नाही.”

हिवाळ्यात अण्णांचा जाच हातगाड्यांना होतो. मेहरूणच्या बोरांचं नाव मोठं, त्यामुळे शहरातल्या बहुतेक गाड्यांवरची बोरं मेहरूणचीच असतात. अण्णा थांबतात, एक बोर उचलतात आणि विचारतात, “मेहरूनचं ना? झाड कोनाच्या वावरातलं?” विक्रेता आता त्यांना लांबून ओळखतो. ते दिसले की “घ्या अण्णा, गोड हायेत” एवढंच म्हणतो, गावाचं नाव काढत नाही.

समोरच्या घरात निवृत्त वकीलसाहेब राहतात. कायदा पाळणाऱ्या माणसाला असा तोटा होताना पाहणं त्यांना सोसेना. एका संध्याकाळी ते पुस्तक घेऊनच आले.

“अण्णा, १९३० चा माल विक्री कायदा, कलम १६. घेणाऱ्यानं पाहून घ्यावं, हा मूळ नियम. आणि १८७२ चा करार कायदा, कलम १७. नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. खाली उदाहरण आहे, ऐका. ‘अ’चा घोडा सदोष आहे आणि ‘अ’ला ते माहीत आहे. तो लिलावात ‘ब’ला घोडा विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे.”

“घोड्याचं वेगळं,” अण्णा म्हणाले. “सारंगखेड्याले दत्ताच्या यात्रेत मी पाह्यलं ना. घेनारा तोंड उघडून दात पाहतो, भोवरे पाहतो, चालवतो, पळवतो. क्लच प्लेटचे दात कुठून पाहनार? पुढं वाचा.”

वकीलसाहेबांना पुढचं वाचायचं नव्हतं, पण खोटं बोलणं त्यांच्याही स्वभावात नाही. “दुसरं उदाहरण. ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. इथं मात्र नात्यामुळे दोष सांगणं ‘अ’चं कर्तव्य ठरतं.”

“हां! म्हंजे सायबाच्या कायद्यालेही कळतं की पोरीले सांगा लागतं. मंग दुसऱ्याच्या पोरीनं काय केलं?”

“तिसरं,” वकीलसाहेब घाईनं म्हणाले. “‘ब’ म्हणतो, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरीन. ‘अ’ गप्प बसतो. इथं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.” पुस्तक मिटत ते उठले. “तुम्ही रेल्वेत होता तेच बरं होतं. कोर्टात पक्षकार उपाशी मेले असते.”

शेवटी थोरल्यानं निर्णय घेतला. नवी गाडी घ्यायची आणि जुनी शोरूमलाच एक्स्चेंजमध्ये द्यायची. गिऱ्हाईक नको आणि वहीही नको. वकीलसाहेबांनीही दुजोरा दिला, “तिथं तज्ज्ञ माणूस यंत्रं लावून तपासतो. शोरूमवाला काय नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे, त्याला सांगायला?” या मुद्द्यावर अण्णा जरा विचारात पडले. मग म्हणाले, “तो नाही. पन तो गाडी स्वतःजवळ ठेवनार थोडीच हाये?”

मला बरोबर नेलं ते अण्णांशेजारी बसवून त्यांना गप्प ठेवायला. थोरल्यानं रस्ताभर बजावलं होतं, आणि अण्णांनी “बरं” म्हटलं होतं. गाडी तपासणारा मुलगा चटपटीत होता. रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवून, बॉनेटखाली डोकावून, एक फेरी मारून तो आला. टॅबवर आकडे भरता भरता सहज म्हणाला, “बाकी काही मोठा प्रॉब्लेम नाही ना काका? असता तर तुम्ही सांगितलंच असतं म्हणा.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “तिसरं उदाहरन,” ते पुटपुटले आणि पिशवीतून वही बाहेर आली.

मुलानं पाच कलमं ऐकली. “काका, एवढ्या जुन्या गाडीला हे सगळं आम्ही धरूनच भाव काढतो. तुम्ही सांगा, नका सांगू, आकडा तोच.” थोरल्याचा जीव भांड्यात पडला. अण्णांचा पडला नाही. “आकडा राहू द्या. जो पुढं घेईन, त्याले सांगाल ना?” मुलगा हसून “हो हो काका” म्हणाला, आणि अण्णांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या.

सुनेनं इथल्याच विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. केलं आहे. रात्री जेवताना तिनं सासऱ्यांची समजूत घातली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला आणि २००१ चं नोबेल त्याच्याही वाट्याला आलं. त्याचं म्हणणं, घेणाऱ्याला बरी गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात बऱ्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे खराब गाड्याच उरतात.

अण्णा भाकरी मोडायचे थांबले. “म्हंजे लपवनाऱ्यांचा दंड मी भरला.”

“तसंच म्हणा.”

“पावती भेटते का त्याची?”

विषय संपला असं घरादाराला वाटलं. काही महिन्यांनी भर दुपारी अण्णांचा फोन वाजला. पलीकडे पारोळ्याचे एक तरुण शिक्षक होते, एरंडोलच्या अलीकडे हायवेवर उभे. टायर पंक्चर झालं म्हणून त्यांनी डिकी उघडून स्टेपनी उचलली, तर ती बसलेली. तिच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. वर मथळा, ‘पुढच्या डायव्हरसाठी’. खाली अठरा कलमं. त्यातलं अकरावं: ‘स्टेपनीत हवा टिकत नाही. दर पंधरा दिवसांनी भरावी.’ सगळ्यात खाली हा नंबर.

“काका,” शिक्षकांचा आवाज रडवेला होता की हसरा, ते कळत नव्हतं, “हा कागद स्टेपनीच्या खाली कोण ठेवतं?”

“दोन वर ठेवले व्हते ना भो. एक डॅशबोर्डच्या खनात, एक सनशेडच्या मागं. नाही भेटले ना? मले वाटलंच व्हतं. म्हनून तिसरा खाली ठेवला. कागद काढनारा स्टेपनी उचलत नाही.”

आयुष्यात अण्णांनी केलेली ही एकमेव लबाडी असावी. थोरल्याच्या नव्या गाडीतून, हवा भरायचा पंप घेऊन, आम्ही एरंडोलकडे निघालो. शिक्षक सावलीत कागद वाचत बसले होते. बायको आणि लहान मुलगी गाडीत. चाक बसलं, हात धुऊन झाले, तेव्हा त्यांनी विचारलं, “काका, अठरा आहेत हो. माझा पगार बघता यातलं आधी कुठलं करू?”

हा प्रश्न अण्णांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी कागद घेतला, गाडीतल्या मुलीकडे एकदा पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि तिसऱ्या कलमाखाली जाड रेघ ओढली. “हे उद्याच. दुसऱ्या मिस्तरीले दाखवा, माझ्यावाल्याले नको. पाचवं घाटात जायच्या आधी. बाकीचे पगारानं.”

“आणि चौथं? तो वास?”

“तो आता गेला अशीन.”

“नाही हो,” मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या. “येतो अजून. शेवभाजीचाच येतो.”

अण्णांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. नोंद बरोबर निघाली होती.