इनामगावच्या मामांना अमेरिकी बिअर पाजण्याची रीत

अमेरिकेतली क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या आणि स्वतंत्र कारखान्यात बनलेली बिअर, अशी तिथल्या ब्रूअर्स असोसिएशनची व्याख्या आहे. छोटा म्हणजे केवढा, तर वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत, म्हणजे साधारण ७० कोटी लिटर. पूर्वी ही मर्यादा २० लाख बॅरल होती. बॉस्टन बिअर कंपनी तिला टेकू लागली तेव्हा, २०१० च्या अखेरीस, कंपनीला रेघेबाहेर काढण्यापेक्षा रेघच पुढे सरकवणं सोयीचं ठरलं. शिरूर-दौंडच्या पाहुण्याला ही हकीकत पहिल्याच दिवशी सांगावी. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी ज्यानं तीन पिढ्या तारखा केल्या, त्याचं अमेरिकेविषयीचं मत तिथूनच सुधारू लागतं.

इथे ज्या पाहुण्याचा विचार केला आहे तो इनामगावचा. हे गाव पुण्याच्या पूर्वेला ८०-९० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. पाहुणा उसाचा बागायतदार, वय साठीच्या पुढे, आणि बिअर म्हणजे ६५० मिलिलिटरची कडक बाटली अशी त्याची समजूत पक्की झालेली असते. महाराष्ट्रात बिअर ८ टक्के अल्कोहोलपर्यंत चढू शकते, आणि पाहुणा लेबलावर नाव वाचण्याआधी हा आकडा वाचतो. कायद्यानं पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. तो पाहुण्यानं कधी पाहिलेला नसतो, मागणाराही भेटलेला नसतो. गळ्यात माळ असलेला पाहुणा या विषयात बसत नाही. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून दौंड तालुक्यातून जाते, तेव्हा अशा पाहुण्यांची संख्या कमी नाही. त्यांना चहा द्यावा आणि नायगारा दाखवावा.

यजमान कोण, यावर निम्मं यश ठरतं. मुलगा बापासमोर ग्लास धरत नाही, आणि धरलाच तर दोघंही भिंतीकडे बघतात. जावई सासऱ्यापुढे ‘मी घेत नाही’ असं सांगून मोकळा होतो आणि मग महिनाभर ते निभावतो. या कामाला भाचाच योग्य. मामा-भाच्याच्या नात्यात उपदेश असतो, पण तो उशिरा सुरू होतो. भाच्यानं मात्र गाडी चालवायची असल्यामुळे स्वतः प्यायची नाही. मामांना याचं फार वाईट वाटतं, आणि भाच्याच्या वाट्याची जबाबदारी ते आपणहून उचलतात.

पहिला मुक्काम बॉस्टन. पिण्याचं वय अमेरिकेत सगळीकडे २१ आहे, आणि दारावरचा पोरगा पांढऱ्या मिशांकडे बघूनही ओळखपत्र मागतो. त्यामुळे पासपोर्ट खिशात असावा. पाहुणा आधी चिडतो, मग खुलतो, आणि गावी गेल्यावर ‘तिथं मला एकवीसचा समजले’ असं सांगत राहतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४ पासून ‘हॅपी अवर’च्या सवलतींवर बंदी आहे, स्वस्तात काही मिळेल ही आशा तिथेच सोडावी. एका पाइंटचे सात-आठ डॉलर, वर १८-२० टक्के टिप. पाहुणा डॉलरला रुपयांनी गुणतो, आलेल्या रकमेला घरच्या बाटल्यांनी भागतो आणि थोडा वेळ बोलत नाही.

इथे सॅम्युअल अ‍ॅडम्सची बॉस्टन लागर द्यावी. ती १९८५ मध्ये बाजारात आली. जिम कॉक यांनी ती आपल्या खापरपणजोबांच्या, लुई कॉक यांच्या कृतीवरून बनवली, आणि ती कृती वडिलांच्या घरी माळ्यावर सापडली होती. ही लागर तांबूस, माफक कडू आणि ५ टक्क्यांची आहे. पाहुणा आकडा बघून नाक मुरडतो, पण माळ्यावरच्या जुन्या कागदातून एवढा कारखाना निघाला हे त्याला पटतं. त्याच्याही माळ्यावर कागद आहेत, फक्त त्यातून आजवर दावेच निघाले. याच कॉकसाहेबांनी जाहीरपणे सांगितलेला एक उपाय आहे: पिण्याआधी चमचाभर यीस्ट दह्यात कालवून खावं, म्हणजे चढत नाही. शास्त्राचा त्याला भक्कम आधार नाही. पाहुण्याला त्यातलं दही तेवढं मान्य होतं. चढू नये म्हणून आधी काही खायचं आणि मग पैसे देऊन प्यायचं, हा व्यवहार त्याला कळत नाही.

चार छोट्या ग्लासांची फळी, जिला तिथे ‘फ्लाइट’ म्हणतात, पहिल्या दिवशी मागवू नये. दीडशे मिलिलिटरचे चार ग्लास म्हणजे फुकट चाखायला दिलेला माल अशी पाहुण्याची समजूत होते. चारही संपवून तो खऱ्या बिअरची वाट बघत बसतो.

दुसरा मुक्काम उत्तरेला, मेन राज्यातलं पोर्टलंड. ‘अलागॅश व्हाइट’ ही रॉब टॉड यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअर आहे. ती गढूळ असते, आणि सुरुवातीला पोर्टलंडच्या लोकांनाच तो गढूळपणा खटकत होता. पाहुण्यालाही खटकतो, ग्लास उजेडात धरून ‘हे गाळलं नाय वाटतं’ असा शेरा तो देतो. त्या क्षणी तिच्यात धने आणि संत्र्याची साल आहे हे सांगून टाकावं. धने म्हटल्यावर गाडी एकदम घरच्या रस्त्याला लागते. पाहुणा दुसरा घोट धने शोधण्यासाठी घेतो, तिसरा सापडले म्हणून. तिखट खाण्याबरोबर हीच बिअर चालते. हॉप्सच्या कडवटपणानं तिखट आणखी पेटतं, गव्हाच्या बिअरनं शमतं. म्हणून मामींनी बरोबर दिलेली लसणाची चटणी याच मुक्कामात काढावी.

खरी परीक्षा तिसऱ्या मुक्कामाला, व्हरमाँटच्या डोंगरातल्या स्टो गावी. नवखे यजमान नेमके इथूनच सुरुवात करतात आणि पाहुणा गमावतात. ‘इंडिया पेल एल’, म्हणजेच आयपीए, हा अमेरिकी क्राफ्ट बिअरचा मानबिंदू आहे. हॉप्सच्या फुलोऱ्यानं कडू, सुगंधी आणि बहुधा गढूळ. पहिल्या घोटाला मामा म्हणतात, ‘आरं, ही बिअर हाय का काढा?’ यावर चवीची तरफदारी करू नये. चव वाद घालून पटत नाही; आकडा आणि कुळकथा पटते.

आयपीएची कुळकथा तर शिरूरच्या दारातूनच जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो ब्रुअरीचा हॉजसन आणि पुढे बर्टनचे कारखानदार कंपनीच्या साहेबांसाठी मुंबई-कलकत्त्याला फिकी, कडू बिअर जहाजानं पाठवत. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण खरी नाही. काळी पोर्टर बिअरही तोच प्रवास करून सुखरूप पोचत होती आणि गोरे शिपाई तीच पीत. शिरूरला तेव्हा इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला, आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला ‘सतपुरुष’ करून टाकलं. हंगामातलं पहिलं धान्य त्याच्या समाधीला नैवेद्य म्हणून जाई, असं पुण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. बिअर साहेबानं प्यायची आणि नैवेद्य इनामगावकडच्यांनी दाखवायचा, अशी ती वाटणी. हे ऐकल्यावर पाहुण्याच्या मनात आयपीएविषयी जुन्या येण्याची भावना जागी होते, आणि वसुलीच्या निर्धारानं तो दुसरा घोट घेतो.

स्टोमध्ये ‘द अल्केमिस्ट’ची ‘हेडी टॉपर’ मिळते. या मंडळींचं वॉटरबरीतलं मूळ पब ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात गेलं, आणि दोनच दिवसांनी नव्या जागेत डबे भरायला त्यांनी सुरुवात केली. घोड आणि भीमेच्या पाण्याशी ओळख असलेल्या माणसाला यावर अधिक सांगावं लागत नाही. डब्यावर ‘डब्यातूनच प्या’ अशी सूचना छापलेली असते. आतापर्यंत ट्यूलिपच्या आकाराचे, नळकांडीसारखे, बुटके असे नाना ग्लास पाहून दबून गेलेला पाहुणा इथे मोकळा होतो. शिवाय डब्यावर आकडा असतो ८ टक्के. ओळख पटते. अर्धा डबा झाल्यावर कडवटपणाची तक्रार बंद होते, आणि उरलेल्या अर्ध्यात पाहुणा भाच्याला हॉप्सचं एकरी उत्पन्न विचारू लागतो. हॉप्सला थंड मुलूख आणि उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात, हे लगेच सांगावं. नाहीतर उसाचा एक एकर मोडायचा बेत तिथेच होतो.

दक्षिणेकडे जाताना न्यू जर्सीतल्या एडिसनला थांबावंच लागतं, कारण तिथे कुणीतरी नातेवाईक असतोच. तिथे बिअरचा विषय काढू नये.

शेवटचा मुक्काम डेलावेअरमधलं मिल्टन, ‘डॉगफिश हेड’चं गाव. २०१९ मध्ये ही कंपनी बॉस्टन बिअरमध्ये विलीन झाली, म्हणजे पहिला आणि शेवटचा मुक्काम आता एकाच सातबाऱ्यावर आहेत. इथली ‘मायडस टच’ मिळाली तर जरूर घ्यावी. तुर्कस्तानातल्या गॉर्डियन इथे १९५७ मध्ये इसवी सनपूर्व आठव्या शतकातलं एक राजेशाही थडगं उघडलं. त्यातल्या भांड्यांच्या तळाशी वाळलेल्या गाळाची पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तपासणी केली. सातू, द्राक्ष आणि मध असं मिश्रण निघालं. त्यावरून सॅम कालाजिओनी यांनी केशर घालून ही ९ टक्क्यांची बिअर रचली.

इथे इनामगाव हिशेबात येतं. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथे जे उत्खनन केलं, त्यात इसवी सनपूर्व १६०० ते ७०० पर्यंतची वस्ती उघडी पडली. मुख्य पीक होतं सातू, म्हणजे बिअरचाच कच्चा माल. त्याला पाणी द्यायला पाट होता, आणि गावप्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार. प्रौढ माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. व्हिसाची सोय झाल्यापासून हा उपाय मागे पडला. पुढे हवामान कोरडं होत गेलं, सातू घटला, आणि गॉर्डियनच्या दरबारात तेराव्याची मेजवानी झडत होती त्याच सुमारास इनामगावकर गाव सोडून पांगत होते. तिथल्या मडक्यांतून बिअर निघालेली नाही. पण सातू आमचा आणि पिणारे ते, हे ऐकून मामा ‘मायडस टच’चा ग्लास एका दमात रिकामा करतात, आणि बिल बघूनही गुणाकार करत नाहीत. पाहुणा जिंकला गेल्याची खूण हीच.

परतीच्या सामानाचा नियम सोपा आहे. भारतात उतरताना माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. हेडी टॉपरचा डबा ४७३ मिलिलिटरचा असतो, म्हणजे चार डबे १,८९२ मिलिलिटर होतात आणि बसतात. पाचवा बसत नाही. डबे धोतरात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावेत, कारण हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वरचं काही जात नाही, आणि गावी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत, नाहीतर हॉप्सचा वास उडतो. दुकानातून मात्र सहा डबे घेतलेले असतात. उरलेले दोन डबे, महिनाभर गाडी चालवलेल्या भाच्याच्या फ्रिजमध्ये राहतात.