विमाधारक: बंड्या

बंड्याच्या विम्याचा अर्ज नाव, वय, रंग इथपर्यंत झरझर भरून झाला आणि ‘ब्रीड’च्या रकान्यात गाडी रुतली. त्याच्या खालचा रकाना होता ‘खरेदी किंमत’, आणि त्याच्याही खाली मुंगीच्या अक्षरात ‘पावती जोडावी’.

बंड्या पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका वडापावच्या गाडीखाली सापडलेला. त्या दिवशीची पावती मिळालीच, तर ती वडापावची मिळेल. त्याच्या वडिलांबद्दल डहाणूकर कॉलनीपासून डेक्कनपर्यंत मतभेद आहेत. एक कान उभा, एक पडलेला. म्हणजे दोन घराण्यांचा वारसा आहे, पण एकाही घराण्यानं तो कबूल केलेला नाही.

विमावाले काका आमच्याच इमारतीतले. उभी हयात आयुर्विमा विकण्यात गेली. आता निवृत्तीनंतर मोटार, आग, प्रवास आणि कुत्रं असं जे मिळेल ते विकतात. ते म्हणाले, “क्रॉस लिहून टाका. क्रॉसमध्ये सगळं बसतं.”

“पण कशाचा क्रॉस?”

“ते कंपनी विचारत नाही हो.” मग चहाचा घोट घेऊन पुढे, “म्हणजे विचारते, पण क्लेमच्या वेळी.”

आपल्याकडे कुत्र्याचा विमा ही काही कालची गोष्ट नाही. सरकारी विमा कंपन्यांकडे गाई-म्हशींच्या बाकावरच एका कोपऱ्यात कुत्र्याची पॉलिसी बसलेली असायची. कोणी फारसं विचारायचं नाही. २०२० नंतर खासगी कंपन्या उतरल्या आणि तीच पॉलिसी रंगीत माहितीपत्रकात आली. माहितीपत्रकावर नेहमी गोल्डन रिट्रीव्हर असतो. तो हसत असतो. आजारी पडण्याची त्याची कसलीही तयारी दिसत नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरही असाच एक रिट्रीव्हर आहे, ब्रूनो. त्याच्याकडे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद आहे आणि त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ आहे. त्याच्या मालकाला कुत्र्याचे पणजोबा तोंडपाठ. स्वतःचे विचारले, तर गडी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीकडे बोट दाखवतो. ब्रूनोचा अर्ज पाच मिनिटांत भरून झाला, कारण तो अर्ज त्याच्यासाठीच छापलेला होता. कुळ, उंची, रंग, जन्मतारीख, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती. फक्त ‘पत्रिका पाहणे’ तेवढं राहिलं होतं.

बरं, हे रकाने नुसते शोभेचे नसतात. कुत्रा दगावला तर किती रक्कम द्यायची, हे त्याच्या बाजारभावावर ठरतं, आणि बाजारभाव ठरतो कागदावर. ब्रूनो गेला (देव न करो) तर त्याच्या मालकाला नवा ब्रूनो आणता येईल इतके पैसे मिळतील. बंड्या गेला तर नवा बंड्या आणायला काय लागतं? एक वडापाव. तेवढी भरपाई कंपनी आनंदानं देईल, त्यातून डिडक्टिबल वजा करून.

कुत्र्याच्या जिवाला भाव लावण्याची रीत मुंबईनं फार आधी पाहिली आहे. १८३२ साली कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे द्यायचे ठरवले. त्या आठ आण्यांपायी मारेकऱ्यांना इतका हुरूप आला, की लोकांच्या घरातली कुत्रीही सुटेनात. जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, त्यांना इतरही येऊन मिळाले आणि शहर बंद पडलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही मेलेल्या कुत्र्याचेच पैसे मिळत होते. फरक एवढाच, की तेव्हा मिळायला कुत्रा मारावा लागे, आता फॉर्म भरावा लागतो. किती जणांना पहिलं सोपं वाटेल, ते सांगता येत नाही.

परदेशातली हकीकत जरा सभ्य आहे. स्वीडनमध्ये १९२४ साली पहिल्यांदा कुत्र्याचा विमा उतरवला म्हणतात, आणि आज तिथल्या बहुतेक कुत्र्यांचा असतो. अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी मिळाली ती टीव्हीवरच्या लॅसीला. लॅसी ही गोष्टीत कुत्री; पडद्यावर मात्र तिचं काम पिढ्यान्‌पिढ्या नरांनी केलं. त्या अर्जातला ‘लिंग’ हा रकाना कोणी कसा भरला असेल, ही माझी हे कळल्यापासूनची उत्सुकता आहे. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात ही अडचण आली नसती.

याच सुमारास बायकोचे मामा कऱ्हाडजवळच्या गावाहून आले. मामांकडे चार म्हशी आहेत आणि चारींचा विमा आहे. पशुधन विम्यात शेतकऱ्याचा वाटा २०२४ पासून १५ टक्क्यांवर आला. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. त्यामुळे या विषयात मामांचा शब्द घरात अखेरचा. त्यांनी बंड्याकडे म्हैस पारखावी तसं बघितलं. मागून, पुढून, मग दात.

“दूध किती देतंय?”

“मामा, कुत्रा आहे तो.”

“ते दिसतंय मला. मग राखण करत असंल?”

राखणीचं खरं सांगायचं, तर बंड्या चोर ओळखत नाही. जेवण घेऊन येणारी पोरं मात्र तो जिन्याच्या खालच्या पायरीपासून ओळखतो, आणि कोणत्या पिशवीत कबाब आहेत हेही.

मामांनी मग आम्हाला क्लेम शिकवला. असं शिक्षण कुठल्याही माहितीपत्रकात नाही. “म्हस मेली की पयलं काय करायचं? रडायचं न्हाई. फोटू काढायचा. कानातला बिल्ला दिसला पायजे. बिल्ला न्हाई तर क्लेम न्हाई. मग डाक्टर, मग पंचनामा. रडायचं ते चेक वटल्यावर.” कंपनीचा माणूस येईपर्यंत म्हैस हलवायची नाही, पुरायची नाही, वैशाख महिना असला तरी नाही. एकदा शेजाऱ्याच्या म्हशीचा बिल्ला मरताना कुठं तरी पडला, तर सगळं घर दुःख बाजूला ठेवून दोन दिवस गोठा चाळत होतं. सुतकात गोठा चाळणारी माणसं मी डोळ्यांसमोर आणली आणि बंड्याच्या पडक्या कानाकडे बघितलं.

कुत्र्याला बिल्ला नसतो, चिप असते. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेच्या कातडीखाली सुईनं सोडतात. तिच्यावर १५ अंकी क्रमांक. आपल्या आधारला १२ अंक पुरतात. या बाबतीत बंड्या आपल्यापेक्षा तीन घरं पुढे. चीनमध्ये तर २०२० साली अलीपे या अ‍ॅपनं कुत्र्याच्या नाकाच्या ठशावरून विमा द्यायला सुरुवात केली, कारण कुत्र्याच्या नाकावरच्या रेघा बोटांच्या ठशांसारख्या ज्याच्या त्याच्याच असतात. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून आमच्या आत्या तीनदा परत आल्या आहेत. कुणीतरी त्यांना नाक लावून बघायला सांगायला हवं होतं.

आता पॉलिसीत काय मिळतं ते. शस्त्रक्रिया, इस्पितळात ठेवणं, मरण, जास्तीचे पैसे भरले तर ओपीडी आणि हरवणं. काय मिळत नाही, त्याची यादी साहजिकच लांब आहे. लसीकरण नाही. जंताचं औषध नाही. दात साफ करणं नाही. अंघोळ आणि केस कापणं नाही. जन्मजात दोष नाही. आधीचा आजार नाही. झुंजीला किंवा शर्यतीला लावलेला कुत्रा नाही. सुरुवातीचे काही दिवस वेटिंग पीरियड. त्या काळात पडलेला आजार हा कंपनीच्या लेखी आजार नाहीच. पार्वोची लस चुकली आणि पार्वो झाला तर आपलं आपण बघायचं. आणि सात-आठ वर्षांच्या पुढे सहसा नवी पॉलिसीच देत नाहीत, म्हणजे आजारपणं जिथून सुरू होतात, तिथे विमा संपतो. हे काही कुत्र्यांशीच वागणं नव्हे. माझ्या सासऱ्यांना विचारा.

‘हरवल्यास भरपाई’ या कलमावर मात्र घरात गंभीर चर्चा झाली. नसबंदी होण्यापूर्वी बंड्या दर भाद्रपदात हरवायचा. गणपती बसले की जायचा आणि सर्वपित्री अमावास्येच्या आसपास परत यायचा. हडकलेला, कान फाटलेला, पण चेहऱ्यावर कमालीचं समाधान. याला हरवणं म्हणायचं की रजा, याबद्दल विमावाले काकांनी वरच्या कार्यालयात विचारून सांगतो म्हटलं.

कन्येचा मुद्दा जीएसटीचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून माणसांच्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्यावर आला. “बंड्या आपल्या कुटुंबातलाच आहे ना?” काका म्हणाले, “कुटुंबातला आहे गं बाळ, पण ते जीएसटी कौन्सिलला पटवायला हवं.” मग तिनं फॅमिली फ्लोटरचं काढलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, शिवाय मागे गाय. एवढं सगळं एका पॉलिसीत बसवणारी कंपनी निघाली, तर औदुंबर ते गाणगापूर तिचा बोर्ड लागेल.

चिरंजीव त्यातल्या त्यात कामाचं बोलले. त्यांच्या मते सगळ्या कागदात एकच कलम पैसे देण्यासारखं आहे: आपल्या कुत्र्यानं दुसऱ्याला केलेली इजा. बंड्या कुरिअरवाल्याची पोटरी धरतो. चावत नाही, धरतो. पण ती पोटरी ज्याची आहे त्याला हा बारकावा पटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली जनावराबद्दल हयगय केली तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुरिअरवाल्याच्या औषधपाण्याचे पैसे विमा एक वेळ देईल, सहा महिने मात्र मलाच काढावे लागणार. बंड्या बाहेर गेटपाशी ब्रूनोबरोबर बसलेला असेल.

शेवटी आमच्या व्हेटना विचारलं. त्यांच्या दवाखान्यात एकच बाक आहे. त्यावर एका टोकाला मांजर घेतलेल्या आजी, दुसऱ्या टोकाला पग घेतलेला कॉलेजचा मुलगा, आणि मधली जागा आपखुशीनं रिकामी. डॉक्टर बंड्याच्या कानाच्या आतली घडी उलटून चिमट्यानं एकेक गोचीड काढत होते आणि स्पिरिटच्या वाटीत टाकत होते. एक टपोरी, सुपारीच्या खांडाएवढी फुगलेली, राखाडी गोचीड माझ्यासमोर धरून म्हणाले, “विमा काढा, नका काढू, हिच्यासाठी पट्टा बांधा. माझ्याकडे येणारा दर दुसरा ताप हिचा असतो. रक्ताची तपासणी, सलाईन, इंजेक्शनं धरून जे बिल होतं, त्यात वर्षभराचे पट्टे येतात.” पाय मोडला, प्लेट घालावी लागली किंवा मोजा गिळून आतडं अडलं, तर मात्र आकडा पाच अंकांत जातो, आणि तिथे विमा उपयोगी पडतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी ‘विमा आहे का?’ असं स्वतःहून विचारलं नाही. माणसांच्या इस्पितळात या प्रश्नाच्या उत्तरावर खोलीचा मजला ठरतो.

मुंबईकरांचं एक बरं आहे. परळला बाई साकरबाई पेटिटांचं जनावरांचं इस्पितळ १८८३ पासून उभं आहे, आणि महालक्ष्मीला टाटांनी २०२४ साली पाच मजली, २०० खाटांचं उभं केलं. रतन टाटांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस सगळेच स्वतःच्या मृत्युपत्राबद्दल बोलत होते. चेअरमन म्हणाले, आधी मेंटेनन्स भरा.

हे सगळं आठ-दहा दिवस ओट्यापाशी उभ्या राहून ऐकणाऱ्या भांडीवाल्या मावशींनी एका सकाळी विचारलं, “बंड्याचं कार्ड निघालं का हो? माझं आयुष्मानचं अजून निघालं न्हाई, अंगठा घेत न्हाई मशीन.” कन्या तिथल्या तिथे त्यांच्याबरोबर केंद्रावर गेली. येताना दोघी पुढच्या मंगळवारचा नंबर घेऊन आल्या.

निर्णय मामांनी दिला. “हप्ता कंपनीला कशाला? डब्यात टाका.” मग फडताळातला साखरेचा जुना स्टीलचा डबा धुऊन पुसून त्यावर ‘बंड्या’ अशी चिठ्ठी डकवली आणि दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम त्यात टाकायची ठरलं. वेटिंग पीरियड नाही, वयाची अट नाही, ब्रीडचा रकाना नाही. क्लेम मंजूर करणारी अधिकारी बायको. म्हणजे एक अपवाद आलाच.

डबा चालू होऊन बरेच महिने झाले. गोचिडांचे पट्टे त्यातून आले, एकदा पंज्यात काच गेली तेव्हाचे टाके आले. मधे गॅस सिलिंडरवाल्याला सुटे हवे होते, ते त्यातूनच दिले. चिरंजीवांनी पेट्रोलला घेतले, कन्येनं मैत्रिणीच्या केळवणाला, मी दिवाळी अंकांना. गेल्या रविवारी बायकोनं डबा उपडा करून हिशेब मांडला, तेव्हा आत तीन चिठ्ठ्या आणि एक चावीचा छल्ला निघाला. घरातला प्रत्येक माणूस बंड्याचा देणेकरी आहे. व्याजाचं काय करायचं, ते विमावाले काका वरच्या कार्यालयात विचारून सांगणार आहेत.