फक्त साईझ बदलायचीय

रा. रा. जाहिरातदार महाशय यांसी,

येलवालहून साष्टांग नमस्कार, वि. वि.

रात्री साडेअकराला आपला निरोप आला: ‘डिझाईन फायनल आहे, फक्त साईझ बदलायचीय.’ त्या ‘फक्त’वर जीव ओवाळून टाकावासा वाटला. ३०० बाय २५० पिक्सेलच्या चौकोनात सुखानं नांदणारं बिऱ्हाड (सोफा, हसरी बाई, किंमत, लोगो, ‘अटी लागू’) १६० बाय ६००च्या बोळात उभं करायचं, मग ७२८ बाय ९०च्या फळीवर आडवं निजवायचं. बोळात बाई मावली, सोफा राहिला बाहेर. ती आता अधांतरी बसून हसते आहे. आपण कळवलंत, ‘मस्त! लोगो जरा मोठा करा.’

खरी कसोटी लागली ती मोबाईलच्या तळाशी चिकटणाऱ्या ३२० बाय ५०च्या पट्टीत. इंग्रजी अक्षरं बिचारी अंग चोरून बसतात. आपली देवनागरी डोक्यावर रफार आणि पायात उकार घेऊन हिंडते. ओळी चिकटवल्या, तर ‘दसऱ्यापूर्वी’मधला रफार वरच्या किमतीत घुसला, दीर्घ ऊकार खालच्या बटणात बुडाला. उरलं ‘दसऱ्यापवी’. कन्नडमध्ये तर जोडाक्षराचा अर्धा संसार ओळीखालीच लोंबतो. तीही आवृत्ती आपल्याला ‘सेम टू सेम’ हवी आहे, आणि वजन दीडशे केबीच्या आत!

ऑक्टोबर १९९४मध्ये ‘हॉटवायर्ड’ या वेबसाईटवर ‘एटी अँड टी’चा बॅनर झळकला, वेबवरच्या अगदी पहिल्या बॅनरांपैकी एक. त्यात एक प्रश्न आणि छोटंसं उत्तर. कंपनीचा लोगोसुद्धा नव्हता. तरी लोकांनी तो धडाधड दाबला. आपण तेव्हा सल्लागार नव्हता, हे त्यांचं नशीब.

मी राहतो ते गाव तडजोडीचं आहे. सप्टेंबर १९५७मध्ये विनोबांच्या ग्रामदानासाठी नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद इथं येलवालला एकत्र बसले आणि त्यांचं जमलंही. आपल्या पट्टीत लोगोचं आणि किमतीचं जमत नाही.

विनोबा भूदानात जमिनीचा सहावा हिस्सा मागत. मीही तेवढाच मागतो. ३२०पैकी ५३ पिक्सेल मोकळे सोडा. त्यांत काहीही घालू नका, ‘अटी लागू’सुद्धा नको.

आपला आज्ञाधारक,
एक डिझायनर
(फाईल: फायनल_फायनल_७)