हातचा एक

पंगतीत वीस पाने मांडलेली असताना एकोणीस लाडू वाढून विसावा परातीत झाकून ठेवणारा गृहस्थ तुमच्याही परिचयात असेलच. आमच्याकडे मात्र त्याच्याच हाती तयार कपड्यांच्या पाच दुकानांच्या मालवाटपाचा संपूर्ण अखत्यार देण्यात आला आहे. ते विसावे पान माझे होते, म्हणून ही हकीकत मला साक्षीपुराव्यासह सांगता येते.

मुनीमजींचे गोदाम धाराशिवात, आणि दुकाने धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा व परंडा येथे. आलेला माल पाचही ठिकाणी वाटावयाचा, परंतु तत्पूर्वी ‘हातचा एक’ काढून ठेवावयाचा, हा त्यांचा अढळ सिद्धान्त. बेरजेत हातचा धरावा हे त्यांना शाळेत कोणी तरी उत्तम शिकविले असावे. तो पुढच्या घरात मिळवावयाचा असतो, हे ज्या दिवशी शिकविले त्या दिवशी ते बहुधा गैरहजर असावेत. मी गणिताचा मास्तर असल्याने हा दोष माझ्या विशेष जिव्हारी लागतो.

सदरे येतात सहा नगांच्या सेटमध्ये: अडतीस एक, चाळीस दोन, बेचाळीस दोन, चव्वेचाळीस एक. मुनीमजी प्रत्येक सेटमधून चाळीसचाच एक नग काढून घेतात, कारण ‘जो जास्त लागतो तोच राखावा लागतो.’ परिणामी सेट गोदामातच मोडतो, दुकानात उरलेला एकुलता एक चाळीस पहिल्याच दिवशी उठतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘धाराशिवाहून मागवतो’ असे सांगेपर्यंत ते गिऱ्हाईक सोलापूरच्या बसमध्ये बसलेले असते. गेल्या नवरात्रात तुळजापुरास झब्बा-पायजम्याचे जोड धाडताना त्यांनी एका जोडातला केवळ पायजमा हातचा ठेवला. तेथून तगादा आला, तेव्हा दस्तुरखुद्द उत्तर गेले : ‘झब्बा विकावा. पायजमा मागाहून मंजूर होईल.’

न्यायाची गोष्ट बोलावयाची तर मूळ विचार अगदीच टाकाऊ नाही. कळंबचा शेतकरी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर दुकानाची पायरी चढतो, तुळजापूरची वर्दळ घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत चालते, उमरग्यास सोलापूर–हैदराबाद रस्त्यामुळे कर्नाटकातलेही गिऱ्हाईक येते. अशा वेळी सगळा माल पहिल्याच फेरीत उधळला, तर एकीकडे गठ्ठ्यांवर धूळ साचते, दुसरीकडे ‘नाही’ म्हणण्याची पाळी येते, आणि परंड्याचा पडून राहिलेला माल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरग्यास न्यावा तर नफा वाहतुकीत जातो. म्हणून काही माल मागे राखून, खप पाहून, दुसऱ्या फेरीत धाडावा, हे कोणताही जाणता व्यापारी सांगेल. मुनीमजींच्या बाबतीत अडचण एवढीच, की त्या दुसऱ्या फेरीचा मुहूर्त आजवर कोणत्याही पंचांगात निघालेला नाही.

एकदा त्यांना तेरचे संग्रहालय पाहावयास नेले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात तगरचे, म्हणजे आपल्या याच तेरचे, जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. मुनीमजींचा चेहरा उतरला.

‘सगळे धाडत होते?’

‘तसेच दिसते.’

‘मग बुडणारच की तगर!’

गेल्या दिवाळीत दुकानात माझ्या मापाचा झब्बा मिळेना, तेव्हा वीस वर्षांचा सगळा हिशेब चुकता करण्याच्या निर्धाराने मी तडक गोदाम गाठले. माझे भाषण पुरते सुरू होण्यापूर्वीच मुनीमजी उठले, कमरेच्या किल्लीने भिंतीतले कपाट उघडले आणि वर्तमानपत्रात बांधलेला एक जोड माझ्यापुढे ठेवला. सुतळीत खोचलेल्या चिठ्ठीवर ‘मास्तर’ असे लिहिले होते. त्याखाली ‘चाळीस’ खोडलेले, त्याखाली ‘बेचाळीस’ खोडलेले, त्याखाली ‘चव्वेचाळीस’. शाई तीन निरनिराळ्या काळांची होती. मी कधी मागितले नव्हते, त्यांनी कधी सांगितले नव्हते. माझ्या पोटाची रुजुवात मात्र वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली होती.

झब्बा अंगात चढविला. दुसरे बटण लागले. तिसरे काजापासून दोन बोटे अलीकडेच थांबले. मुनीमजींनी मला आपादमस्तक न्याहाळले, कानावरची पेन्सिल काढली, चव्वेचाळीसवर रेघ मारून खाली ‘शेहेचाळीस’ लिहिले, आणि झब्बा घडी करून हमालाच्या हाती दिला.

‘कळंबच्या गठ्ठ्यात लाव.’

हमाल दारापर्यंत पोहोचला असेल नसेल, तोच त्यांनी त्याला परत बोलाविले.

‘राहू दे,’ माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, ‘उतरतीलही कदाचित.’