परवानाधारक

शीवमध्ये परवान्याचे पिस्तूल बाळगणारा गृहस्थ बहुधा पन्नाशीचा असतो आणि बहुधा बिल्डर, सराफ किंवा हॉटेलवाला असतो. निदान त्याचा मेहुणा तरी बिल्डर असतो. 1990च्या दशकात खंडणीच्या फोनांनी या धंद्यांतले लोक खरोखर हैराण झाले होते, तेव्हा परवाने काढणाऱ्यांना कारण होते. आजच्या परवानाधारकाला ते शोधावे लागते. अर्जात जिवाला धोका कोणापासून हे लिहायचे असते आणि पार्किंगवरून भांडणारा दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी त्याला पुरेसा वाटतो. पोलिसांना वाटत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल, आयुक्तालयातल्या खेपा आणि ओळखीच्या माणसाची ओळख यांत बराच काळ जातो. तेवढ्या काळात शेजाऱ्याशी समेटही झालेला असतो.

परवाना मिळाला की निवड. मुलीसाठी स्थळ पाहावे तसे तो पिस्तूल पाहतो: लहानखुरे, विश्वासू आणि चारचौघांत सांगण्यासारखे. सिनेमात पाहिलेले 9 मिलिमीटरचे हवे असते, पण तो बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परदेशी कंपनीचे नवे हत्यार म्हणावे, तर खाजगी माणसासाठी अशी आयात 1980च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे कोणा दिवंगत पारशी गृहस्थाचे जुने वेब्ली विकायला निघाल्याची नुसती कुणकुण लागली, तरी त्याला रात्रभर झोप येत नाही. किंमत ऐकल्यावर दुसऱ्या रात्रीही येत नाही.

मग उरते ते बहुधा सरकारी आयुध कारखान्यांचे 32 बोअर. यात खरा पेच रिव्हॉल्वर की पिस्तूल हा. रिव्हॉल्वरमध्ये सहाच गोळ्या असतात, पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे समोर येते. ‘अशनी’सारखे पिस्तूल चपटे असल्याने कमरेला फुगत नाही, मात्र काडतूस अडकले तर स्लाइड मागे ओढून ते काढायला थंड डोके आणि सराव लागतो. विश्वासार्हतेच्या कसोटीवर रिव्हॉल्वर जिंकते, लपवण्याच्या कसोटीवर पिस्तूल. 2014 साली कानपूरने महिलांना डोळ्यांपुढे ठेवून सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर काढले, दागिन्यांच्या पेटीत घालून. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. परवानाधारक दुकानात ते हातात घेऊन बराच वेळ तोलतो, हलकेपणाची मनापासून तारीफ करतो आणि ‘मिसेससाठी बघत होतो’ म्हणून परत ठेवतो.

खरी अडचण पुढे येते. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे लागते. कोणाला दिसलेच नाही, तर एवढा खर्च कशासाठी केला? म्हणून तो धारावीतून चामड्याचे होल्स्टर शिवून घेतो, वर सैल बुशशर्ट घालतो आणि उडप्याकडे बसताना शर्ट जरा वर सरकेल अशी खुर्ची निवडतो. वेटर ‘काय आणू?’ एवढेच विचारतो. पोटाचा घेर वाढल्यावर हत्यार आपोआप झाकले जाते, ते बाहेर काढणेही तितकेच कठीण होते. मुंबईची दमट हवा आणि घाम लोखंडाला गंज चढवतात. तेल लावायचे, तर शर्टावर डाग पडतात. शीव स्थानकावर सकाळच्या लोकलमध्ये चढलाच, तर मागचा प्रवासी ‘काका, पाकीट पुढे घ्या, टोचतंय’ म्हणतो. षण्मुखानंदला नाटक पाहायचे, तर दारातल्या तपासणीपायी हत्यार घरीच. कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून घरात जो वाद होतो, त्यात हत्यार असूनही तो हरतो.

सरावाला तो क्वचित जातो. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो आणि ती महाग असल्याने जपून ठेवतो. चापाजवळ बोट नेण्याआधी हत्यार रिकामे आहे का पाहावे, हा पहिला धडा बहुतेक जण विसरतात. 1 ऑक्टोबर 2024 रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी जुहूच्या घरी लागली, तेव्हा आपल्या परवानाधारकाने चार दिवस कपाट उघडले नाही. लग्नाच्या वरातीत बार काढण्याची हौसही 2019च्या दुरुस्तीने संपवली आहे. आता त्यासाठी 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

निवडणूक जाहीर झाली की अनेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. 2024मध्ये मुंबईत लोकसभेसाठी मे महिन्यात आणि विधानसभेसाठी नोव्हेंबरमध्ये मतदान झाले, म्हणजे परवानाधारकाच्या कमरेला वर्षात दोनदा सुट्टी मिळाली. या काळात तो पाकिटात जमा-पावती ठेवतो आणि कोणी विचारो न विचारो, उलगडून दाखवतो. पावती बाळगायला परवाना लागत नाही.