धोंडसाचे वारसदार

कोकणातल्या घराची वाटणी झाली की कुणाला माडांचं आगर जातं, कुणाला विहिरीचा अर्धा हिस्सा, तर कुणाला नुसतीच कोर्टाची तारीख. बापूकाकांच्या वाट्याला आजीचं फणसाचं धोंडस आलं. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, एवढीच काय ती उणीव. बाकी कब्जा, वहिवाट आणि हद्दीवरून होणारी भांडणं सगळं रीतसर आहे.

असा एक वारसदार हल्ली घरटी सापडतो. बहुधा पुरुष, बहुधा निवृत्त. कुणाकडे पुरणपोळी असते, कुणाकडे साटोऱ्या, कुणाकडे कैरीचं लोणचं. पदार्थ बदलतो, माणूस तोच. चहा कर म्हटलं तर साखरेचा डबा कुठाय विचारील, पण आजीच्या त्या एका पदार्थावर बोलायला लागला की समोरच्याची शेवटची लोकल चुकते. बापूकाकांनी २००१ साली बँकेतून व्हीआरएस घेतली. तोवर धोंडस दर मे महिन्यात आयतं ताटात येई. ते कोण करतं, कसं होतं, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. घरी बसल्यावर मात्र त्यांना एकदम परंपरा दिसू लागली.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिकल्या फणसाचा रस, तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोवलेलं खोबरं. हे सगळं शिजवून घट्ट करायचं, केळीचं पान अंथरलेल्या टोपात ओतायचं आणि खाली विस्तव, वर झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. वरचा विस्तव जास्त, खालचा कमी. सिंधुदुर्गात मोठ्या काकडीचंही असंच करतात. गोव्यात त्याला धोणस म्हणतात. आमच्यापेक्षा चांगलं कुठे होतं, असं बापूकाकांना विचारू नये.

फणस बरकाच लागतो. कापा फणस म्हणजे, काकांच्या मते, नुसता मिरवायचा: गरे खुटखुटीत, कोरडे, पाहुण्यांपुढे ठेवायला बरे. बरका बुळबुळीत, रसाळ. जिभेवर ठेवला म्हणेपर्यंत घशाखाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ नावाची फणसाची जात काढल्याचं कुणीतरी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं.

“कापा की बरका?” काकांनी विचारलं.

“कापा.”

“बघा. म्हणजे कोकणचं कुठे चुकतंय ते समजलं!”

केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. त्याच वर्षी कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं, त्याचा तर त्यांना रागच आला. आंब्याला सगळे मिळवून देतात, फणसाला कोण आहे? मीच आहे, असा त्याचा अर्थ.

तर हा बरका फणस सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने येतो. पार्सलने नाही, काकांच्या सीटखाली. चिपळूण येईपर्यंत डब्याला कळतं की गाडीत फणस आहे, पनवेलपर्यंत तो कुणाचा आहे हेही कळतं. डोंबिवलीला तो रिक्षातून उतरतो, काका त्याच्या मागून. मग दोन दिवस त्याच्यावर टिचक्या मारून आवाज ऐकणं चालतं. शेजारच्या हृदयविकारवाल्या आजोबांची इतक्या काळजीने तपासणी होत असेल असं वाटत नाही.

एवढं सगळं झाल्यावर प्रत्यक्ष धोंडस करतात काकू.

जमिनीवर पेपर अंथरून, विळीला आणि कोपरापर्यंत हातांना खोबरेल चोपडून काकू बसतात. चीक एकदा बोटांत बसला की साबणाला दाद देत नाही. मधला दांडा काढायचा, पाव ओरबाडून बाजूला करायची, गरे सोडवायचे, आठळ्या उकडायला वेगळ्या ठेवायच्या. मग बांबूच्या चाळणीवर एकेक गरा तळव्याने घासायचा. धागे वर राहतात, खाली परातीत पिवळाधमक रस गळतो. एका बरक्या फणसाला सगळी सकाळ जाते. कंबर धरते, मनगटं दुखतात, घरभर माश्या होतात. या सगळ्या वेळात काका स्टुलावर बसून “आजी घासायची तेव्हा आवाज वेगळा यायचा” वगैरे मार्गदर्शन करतात.

मापाचा प्रश्न नाजूक आहे. काकूंकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने आमच्या अर्ध्या बायकांना संसाराला उभं केलं, कारण त्यात वाटी-चमच्याचं माप आहे. नेमका तोच काकांचा आक्षेप. आजीच्या हाताला माप नव्हतं.

“रवा किती घालू?”

“बसेल तेवढा.”

“गूळ?”

“अंदाजाने.”

“आणि भाजायचं किती वेळ?”

“वास येईपर्यंत.”

कुणाच्या नाकाला येईपर्यंत, ते सांगत नाहीत. काकू मान डोलावतात आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचं मे महिन्याचं पान उलटतात. मागे बारीक पेन्सिलीत लिहिलेलं आहे: रस चार वाट्या, रवा दोन, गूळ दोन, नारळ एक. दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की त्या हे गुपचूप उतरवून घेतात. आमच्या घराण्याची परंपरा एवढ्या चार ओळींत बसते आणि अजून तरी तिथेच सुरक्षित आहे.

काकांचा प्रवेश शेवटी. ओव्हन त्यांना वर्ज्य आहे. म्हणून करवंट्या पेटवून निखारे करायचे, टोप गच्चीवर न्यायचा आणि चिमट्याने एकेक निखारा झाकणावर मांडायचा. हे मात्र काका स्वतः करतात, सोवळं असल्याच्या थाटात, कपाळावरचा घाम पुसायलाही न थांबता. सोसायटीची नोटीस येऊन गेली आहे; काकांनी ती निखारे पेटवायला वापरली. मग खुर्ची टाकून ते पहाऱ्याला बसतात. झाकण उघडायचं नाही, टोप हलवायचा नाही, सुरी खुपसून तर बघायचंच नाही. काका बाथरूमला गेले की काकू चिमट्याने झाकण कलतं करतात, विणायची सुई खुपसतात, कोरडी निघाली की टोप उतरवायची तयारी करतात. काका परत येऊन हवेत नाक वर करतात आणि म्हणतात, “झालं. बघ, वासावरून कळतं.”

वड्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण निवल्यावरच पडतात. वरची बाजू गडद तपकिरी, खरपूस; आत दमट. वर साजूक तूप. इथे मात्र मी गप्प बसते, कारण तोंड भरलेलं असतं. खाल्ल्यावर काकांच्या विरुद्ध बोलणं जरा जड जातं.

इतर वारसदारांशी त्यांचं जमत नाही. ठाण्याचे चुलतभाऊ धोंडसात वेलची घालतात. बापूकाका म्हणतात, आजीचं जायफळ. या एका मुद्द्यावर दोन्ही घरं दोन गणपती एकमेकांकडे जेवली नाहीत. आरतीला आली, पण प्रसाद घेऊन दारातूनच परत. न्यू जर्सीचा पुतण्या तर जातीबाहेरचाच. त्याने डबाबंद फणस आणि कंडेन्स्ड मिल्क घालून सिलिकॉनच्या साच्यात केलं आणि हौसेने व्हिडिओ कॉल लावला. काकांनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, “वाढदिवस कुणाचा?”

गेल्या मे महिन्यात कुडाळची आत्या आली. आजीची धाकटी लेक, नव्वदीला टेकलेली, कान गेलेत पण जीभ जागेवर. काकांनी तिच्यापुढे वडी ठेवली आणि निकालाची वाट बघत उभे राहिले.

“बरा झाला हां,” आत्या म्हणाली. “पण तांदळाचो रवो कित्याक घातलंस?”

“आजी घालायची म्हणून.”

“खंयची आजी? सहासष्टाक तांदूळ होते खंय? रेशनार तो तांबडो मिलो जोंधळो गावायचो, अमेरिकेचो. आयेन तेचीच भरड घातलेली. तू तेव्हा एवढोसो. तीन वडयो खाल्लंस आणि आजून दी म्हणान रडलंस.”

“आणि जायफळ?”

“जायफळ मी तुझ्या लग्नात पयल्यांदा बघलंय.”

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. माझा अंदाज होता की काका आता खचतील. पण वारसदाराची जात वेगळी. ते अर्धा तास गप्प बसले, आठळ्या सोलल्या आणि जेवताना जाहीर केलं की म्हणूनच, म्हणूनच इतकी वर्षं चवीत काहीतरी कमी वाटत होतं. अस्सल धोंडस मिलोचंच.

दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीतला एकही वाणी सुटला नाही. एकाने जोंधळा दाखवला, दुसऱ्याने नाचणी. तिसरा म्हणाला, “काका, ते दुष्काळात खायचे, लोक तेव्हा शिव्या द्यायचे त्याला.” काका म्हणाले, “आमची आजी नाही द्यायची.” शेवटी रात्री साडेअकराला त्यांनी स्वतःहून न्यू जर्सीला फोन लावला. पुतण्याने शोधून सांगितलं की ती मिलो ज्वारी तिकडे अजून पिकते, बहुतेक गुराढोरांना घालतात.

“चालेल,” काका म्हणाले. “दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये.”

“किती आणू?”

“अंदाजाने आण.”